ठोंब्याला घरी आणण्याबाबत

४ मार्च

ताई,

तू फोन करतेस आणि मी उचलत नाही, याचा तुला जो अर्थ लावायचा असेल तो लाव. मी पत्र लिहिते आहे, म्हणजे बोलणं टाकलेलं नाही, एवढं तरी तुझ्या लक्षात यावं. आणि हे पत्र भांडायला नाही. निदान पहिलं पान तरी नाही.

मी कुत्रा आणायचं म्हणते आहे.

आता चष्मा पुसून परत वाच. कुत्रा. पग. चपट्या नाकाचा, सुरकुतलेल्या तोंडाचा, शेपटीचं वेटोळं पाठीवर ठेवून चालणारा. तू ओळखतेस त्याला. खालच्या मजल्यावरच्या घड्याळवाल्या काकांचा. जिन्यात तिसऱ्या पायरीवर आडवा पडलेला असायचा आणि तू दर वेळी त्याला ओलांडताना नाकाला पदर लावल्यासारखा हात लावायचीस, तो. काका त्याला ठोंब्या म्हणतात. हाक मारली तर येत नाही, नाही मारली तर येतो, म्हणून ठोंब्या.

काकांचे हात आता कापतात. घड्याळाचा स्क्रू सोड, चहाचा कप धरवत नाही. त्यांच्या मुलीने त्यांना आपल्या घरी नेलं. तिच्याकडे दोन खोल्या आणि तीन पोरं, कुत्र्याला जागा नाही. म्हणून ठोंब्या सध्या जनावरांच्या दवाखान्यात आहे. त्याची गादी जिन्यातच राहिली होती, ती पोचवायला मी गेले. पिंजऱ्यात बसला होता. मला बघून उठला नाही, शेपूट हलवली नाही. फक्त बघितलं. आमच्या हॉस्पिटलात बाहेरच्या बाकांवर बसलेले नातेवाईक कसे दार उघडलं की बघायचे, आपलं माणूस आलं का म्हणून, अगदी तसं. मी गादी ठेवली आणि बाहेर आले. बसस्टॉपपर्यंत गेले आणि परत आले.

आता मुद्द्याचं. तुझा दमा.

तिथल्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मला स्पष्ट सांगितलं, "या जातीचे केस आखूड असतात, पण बारा महिने गळतात. कपड्यांत, गादीत, सगळीकडे." म्हणजे हा कुत्रा या घरात आला की तू इथे राहू शकणार नाहीस. तू असशील तर तो नाही, तो असेल तर तू नाही. घर दोघींचं आहे, अर्धं तुझं, म्हणून विचारते. परवानगी मागत नाही, नीट वाच. विचारते.

तू परत येणार आहेस का?

नातू झाला तेव्हा एका महिन्यासाठी म्हणून गेलीस. तो आता धावतो, बोलतो, तुझ्या मुलाने पाठवलेल्या फोटोत तर पाठीला दप्तर अडकवून उभा आहे. मी विचारलं की तुझं ठरलेलं उत्तर, "बघू." तीन वर्षं मी तुझी खोली झाडते, पुसते, खिडकी उघडते, लावते. घरातली सगळ्यात गार खोली, उन्हाचं नाव नाही, आणि तिथे राहतं कोण, तर तुझी पुस्तकं.

येणार असलीस तर कुत्रा नाही. विषय संपला, पुन्हा नाव काढणार नाही. येणार नसलीस तर तसं लिही. मला राग आला तर तो माझा मी गिळीन. पण "बघू" लिहिलंस तर ते उत्तर म्हणून धरलं जाणार नाही. तू मुख्याध्यापिका होतीस, कोऱ्या उत्तरपत्रिकेला किती गुण देतात ते तुला माहीत आहे.

तुझी धाकटी


१९ मार्च

ताई,

तुझं पत्र मिळालं. पोस्टमन हल्ली दार असं बडवतो की शेजारपाजारचे बाहेर येतात. असो.

तीन पानं लिहिलीस. एक पान कुत्र्यांच्या रोगांवर, एक पान माझ्या वयावर, आणि तिसऱ्या पानावर नातवाने काय काय म्हटलं ते. येणार की नाही, यावर एक ओळ नाही. शोधून शोधून थकले. पाकीट उलटं करून झटकलंसुद्धा.

ठीक आहे. तू ज्याचं उत्तर दिलंस त्याचं उत्तर मी देते.

"जातिवंत कुत्र्याचे चोचले तुला कशाला?" म्हणतेस. अगं, मी काय दुकानात जाऊन पिल्लू निवडत नाहीये. डॉक्टरीणबाई स्वतः या जातीच्या विरुद्ध आहेत. मला समोर बसवून म्हणाल्या, "माणसांना चपटं तोंड गोड वाटलं, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या तसेच जन्माला घातले. आता यांना धड श्वास घेता येत नाही. दिसायला गोड, जगायला अवघड. नवीन पिल्लू घ्यायला कोणी आलं तर मी परत पाठवते. पण हा आधीच जन्मलाय, याचं काय करू?" त्यांना मी काय सांगणार? मीही आधीच जन्मलेय, माझंही लोकांना काय करावं कळत नाही.

नाकपुड्या बारीक आहेत त्याच्या. ऑपरेशन करून मोठ्या कराव्या लागतील. तोंडावरच्या घड्या रोज पुसायच्या, नाहीतर आत चिघळतं. डोळे बाहेर आलेले, त्यांना जपायचं. खाण्याचा हावरा, तेव्हा मोजून घालायचं. उन्हात न्यायचं नाही, दुपारी गार खोलीत ठेवायचं. हे सगळं त्यांनी सांगितलं आणि वर म्हणाल्या, "रात्रभर घोरतो, झोपमोड होईल." म्हटलं, घोरू दे. माझी काही झोप मोडत नाही.

"कुत्रा पाच वर्षांचा, तू सदुसष्टची. तुझ्यामागे त्याला कोण बघणार?" हा एक प्रश्न मात्र तू खरा विचारलास. तो मी कपाटावर ठेवलेला नाही, डोक्यात ठेवला आहे. पण माझ्यामागे कोण, हे विचारणाऱ्या बाईने माझ्यापुढे कोण, हेही एकदा विचारावं. सकाळी उठल्यापासून या घरात माझ्यापुढे भिंत आहे, खिडकी आहे, आणि समोरच्या इमारतीतला एक गृहस्थ आहे जो बनियनवर कुंड्यांना पाणी घालतो.

किटली नवी घेतली. जुनी जळली. शिट्टीच नीट वाजत नव्हती मेलीची. हल्ली वस्तूंमध्ये काही राम राहिलेला नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आधी दोन आठवडे घरी नेऊन बघा. जमलं तर कायमचा तुमचा. नाही जमलं तर परत आणा, मी नाव ठेवणार नाही." परवा आणते आहे. तुझी खोली बंद राहील, दाराच्या फटीत कापड लावलं आहे. एक केस आत जाणार नाही. दोन आठवड्यांत मला तुझं उत्तर हवं. नातवाने चंद्राला काय म्हटलं ते नको.

तुझी धाकटी


२ एप्रिल

ताई,

हे पत्र पोचायच्या आत तुझ्या चिरंजीवांनी तुला सगळं सांगितलं असेल. तिखटमीठ लावून. म्हणून माझ्या हातचं लिहिते.

काल तो न कळवता आला. म्हणजे कळवलं होतं म्हणे, फोनवर. मी उचलला नाही, म्हणून घाबरून आला. बेल वाजवली. परत वाजवली. दार ठोकलं. शेजारणीला बाहेर काढलं. ती म्हणाली, "सकाळी दूध घेतलंय त्यांनी, आतच आहेत." मग काय, त्याने तिथे जिन्यात उभ्या उभ्या माझी वाट लावून टाकली. मेली मावशी. डोळ्यांत पाणी काढलं म्हणे, शेजारीण सांगत होती. कोपऱ्यावरचा कुलूपवाला आणला, कुलूप काढायला लावलं, आणि तिघं आत घुसले.

मी खिडकीशी खुर्चीत बसून पेपर वाचत होते. पाठ दाराकडे. पायांवर ठोंब्या.

काय सांगू तुला! खांद्यावर हात पडला तशी मी ओरडले, मी ओरडले म्हणून तो ओरडला, आणि कुलूपवाला त्याच्या हत्यारांसकट मागे सरला. ठोंब्याने एक डोळा उघडला, बघितलं, मिटला. एवढा गोंधळ झाला, पण भुंकला नाही. काका म्हणायचे, हा फक्त भूक लागली की भुंकतो.

तुझ्या मुलाने मला खुर्चीत बसवलं, समोर बसला आणि काहीतरी म्हणाला. मी म्हटलं, "हो हो, चहा टाकते." तो माझ्याकडे बघतच राहिला. मग पुन्हा म्हणाला, ओठ मोठे मोठे हलवून, लहान पोराला शिकवतात तसं. "मावशी, तुला ऐकू येत नाही?"

तर झालं असं आहे. येत नाही.

डावा कान तू असतानाच कमी झाला होता, तुझ्या लक्षात आलं नाही कारण बोलायचीस तू आणि ऐकायचे मी, आणि तुझा आवाज शाळेच्या मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचायचा. उजवा गेल्या वर्षी गेला. सगळा नाही. बस, हॉर्न, ढोल, हे येतं. माणसं येत नाहीत. कानात घालायचं यंत्र आहे माझ्याकडे. चमचा पडला की घण पडल्यासारखा वाटतो, पण बोलणाऱ्याचा आवाज तेवढा मोठा होतो, शब्द होत नाहीत. फोनवर तर नुसती खरखर. तू फोन केलास की मला कळतं कोणीतरी काहीतरी म्हणतंय आणि त्या कोणीतरीला माझा राग येतोय.

मी सांगितलं का नाही? कारण मी हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर उभं आयुष्य काढलं, ताई. रक्तपेढी, शस्त्रक्रिया विभाग, शवागार, सगळ्यांना मी जोडून द्यायची. नुसत्या "हॅलो"वरून मला कळायचं की हा माणूस बाप होणार आहे की याचा बाप गेला आहे. मोठमोठे डॉक्टर म्हणायचे, "बाई बोर्डावर आहेत ना, मग काळजी नाही." त्या बाईला ऐकू येत नाही असं मी कोणाला सांगू? नाही सांगितलं. आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा नाही सांगणार.

तुझा मुलगा रडला, मग चिडला, मग कामाला लागला. तोच स्वभाव, तुझा. संध्याकाळपर्यंत दारावर दिवा लावून घेतला, बेल दाबली की घरात लखलख होतं. त्याबद्दल मी त्याचे आभार मानले, खोटं सांगत नाही. पण जाताना ठोंब्याकडे बोट दाखवून म्हणाला, "मावशी, कुत्राच हवा तर शिकवलेला घेऊ. तसे मिळतात. दार वाजलं की येऊन सांगतात, किटली वाजली की सांगतात. हा ठोंब्या कशाला? याचा काही उपयोग आहे का?"

मी विचारलं, "तुझ्या मुलाचा काय उपयोग आहे?"

रागावून गेला. जाऊ दे. तू समजाव.

मला कान नकोत. कानांशिवाय कसं राहायचं ते मी शिकते आहे. मला दुपारी चार वाजता पायांवर वजन हवं आहे. एवढं साधं आहे आणि एवढंच कोणाला कळत नाही.

तुझी धाकटी


१७ एप्रिल

ताई,

तुझं पत्र आलं. या खेपेला पान एकच, आणि त्यावर दोन ओळी. "कुत्रं परत दे. मी येते."

"मी येते" हे दोन शब्द मी तीन वर्षं कानांत प्राण आणून ऐकायला बसले होते. कान होते तोवर. आता आले ते कागदावर. मी उठले, दुसरा चष्मा लावून पुन्हा वाचलं. शब्द तेच होते.

तुझं पत्र येण्याच्या आदल्या दिवशी इथे काय झालं ते आधी सांगते, मग उत्तर देते.

ऊन असं पडलं होतं की समोरचा बनियनवाला गृहस्थसुद्धा बाहेर आला नाही. दुपारी मी पुढच्या खोलीत पडले होते. ठोंब्या जमिनीवर. त्याचं घोरणं मला ऐकू येत नाही, पण पाय त्याच्या पाठीला लावून झोपले की कळतं, इंजिनासारखं थरथरतं. मधेच ती थरथर बदलली. गचके द्यायला लागली. बघते तर तो पाय फाकून उभा, मान पुढे, जीभ बाहेर, आणि ती जीभ जांभळी. डोळे माझ्यावर लावलेले. पुढे पाय टाकला आणि कोसळला.

मी त्याला उचललं. तुझ्या खोलीच्या दाराशी गेले आणि थांबले. खोटं कशाला लिहू, थांबले. हात कडीवर होता. मग फटीतलं कापड पायाने ओढून काढलं आणि आत शिरले. तुझ्या गार फरशीवर त्याला ठेवलं, पंखा लावला, टॉवेल भिजवून पोटाला आणि पायांना लावले. तोंडात पाणी घालायला गेले तर गिळता येईना.

शेजारीण कामावर. जिन्यात चिटपाखरू नाही. त्याला उचलून रस्त्यावर नेलं असतं तर उन्हानेच मेला असता. राहिला फोन.

आता तूच सांग. ऐकू न येणाऱ्या बाईने फोन कसा करायचा?

मी दवाखान्याचा नंबर फिरवला. फोन कानाला लावला, नुसतीच खरखर. ती मधेच बदलली, म्हणजे कोणीतरी उचलला असावा. नसेलही. आणि मी बोलले. बोर्डावर बोलायची तशी. शांत, एकेक शब्द सुटा. "नीट ऐका. मला ऐकू येत नाही, त्यामुळे मला काही विचारू नका. पग जातीचा कुत्रा, वय पाच, उन्हाचा त्रास, श्वास लागलाय, जीभ जांभळी. गार फरशीवर ठेवलाय, ओले टॉवेल लावलेत. मी त्याला आणू शकत नाही. तुम्ही या." मग पत्ता, मजला, कोणतं दार. मग तेच सगळं पहिल्यापासून पुन्हा एकदा, कारण पहिल्यांदा माणूस घाबरलेला असतो, दुसऱ्यांदा लिहून घेतो. मग ठेवला. ऐकलं कोणी, नाही ऐकलं, देव जाणे. कदाचित भलतीकडेच लागला असेल आणि कोण्या शिंप्याने ऐकून घेतलं असेल.

दार उघडं टाकलं आणि तुझ्या फरशीवर त्याच्याजवळ बसले. टॉवेल गरम झाले की बदलत होते. त्याच्या बरगड्यांवर हात ठेवून होते. माझं लक्ष दुसरीकडे कुठेही जात नव्हतं, कारण कुठून काही ऐकूच येत नव्हतं. ताई, बहिरेपणाचा तेवढा फायदा झाला.

मान वर केली तर दारात डॉक्टरीणबाई. पायांत दवाखान्यातल्याच रबरी चपला, हातात पेटी, मागे त्यांचा गाडीवाला ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन. तडक खाली बसल्या, सुई टोचली, तोंडावर नळी लावली. जीभ हळूहळू गुलाबी झाली. मग त्यांनी माझ्याकडे तोंड करून, हळू, मला दिसेल असं म्हटलं, "फोन मीच उचलला होता. इतका नीट निरोप मला आजवर कोणी दिला नाही."

मी तुझ्या पलंगाला टेकून बसले आणि रडले. हेही लिहिते, कारण तू म्हणशील धाकटी नुसतीच तोऱ्यात असते.

आता उत्तर.

नको. येऊ नकोस.

मी बोलावलं तेव्हा तुला यायचं नव्हतं. आता माझे कान गेले म्हणून येतेस. मला उन्हाळ्यात सावली हवी होती तेव्हा छत्री मिटून ठेवलीस, आणि आता पाय मोडल्याचं कळल्यावर छत्री घेऊन धावतेस. येशील, माझ्या औषधांच्या वेळा भिंतीवर चिकटवशील, मला ओरडून ओरडून जेवायला बोलावशील, आणि संध्याकाळी खिडकीत बसून नातवाच्या शाळेची सुट्टी झाली असेल असं मनात म्हणशील. मला दिसेल ते. ऐकू येत नाही, दिसतं सगळं.

तुझं मन तिथे रमलं असेल तर तो गुन्हा नाही. "बघू" म्हणत राहिलीस, तो गुन्हा. अजून एकदा सरळ विचारते. माझे कान बाजूला ठेव, कुत्रा बाजूला ठेव. तुला स्वतःला इथे राहायचं आहे का?

कुत्रा मात्र मी परत देत नाही. काल दवाखान्यात जाऊन कायमचा माझ्या नावावर करून आले. नाकाचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात. दुपारी तो तुझ्या खोलीत झोपतो. अर्धं घर तुझं, तेव्हा तुला खटला भरायचा असेल तर भर. न्यायाधीशांना म्हणावं मोठ्याने बोला.

तुझी धाकटी


१४ मे

ताई,

काल बागेत जे झालं ते तू तुझ्या मुलाला तुझ्या पद्धतीने सांगशील. म्हणून मला जेवढं ऐकू आलं आणि जेवढं दिसलं तेवढं मी लिहून ठेवते. चुकलं असेल तिथे लाल पेनाने दुरुस्त कर आणि परत पाठव.

घरी यायचं नाही, बागेत उघड्यावर भेटायचं, ही तुझी अट. मला मान्य होती. सकाळची वेळ, तळ्याकाठचा बाक, वारा सुटलेला. मी आधी आले. ठोंब्याच्या नाकाचे टाके निघालेत, आता तो चालताना रेल्वेसारखा फुसफुसत नाही. तू फाटकातून आलीस तेव्हा मी तुला चालीवरून ओळखलं. बारीक झालीस. केस सगळे पांढरे झाले. मला कोणी सांगितलंच नव्हतं. फोटोत तू नेहमी नातवाच्या मागे असतेस.

तू बाकाच्या त्या टोकाला बसलीस, मी या टोकाला, मधे कुत्रा. दम्याचा पंप हातात धरूनच आली होतीस, जसं काही तो तुझ्यावर झेप घेणार होता. त्याने तुझ्या चपलेचा वास घेतला आणि तुझ्या पायाशी पाठ करून बसला. "शिष्ट आहे," तू म्हणालीस. ते मी ओठांवरून वाचलं.

मग तू बोलायला लागलीस. हळू. मी म्हटलं, "ताई, मोठ्याने." तू थोडं मोठ्याने. मी पुन्हा, "मोठ्याने!" तेव्हा तुझा संयम सुटला. तू उभी राहिलीस, पदरमोड करून शाळेची सहल नेताना पोरांवर ओरडायचीस तशी छाती भरून घेतलीस, आणि म्हणालीस,

"मला परत यायचं नाहीये!"

तळ्यातली बदकं उडाली. पलीकडच्या बाकावरच्या जोडप्याने वळून बघितलं. माळीबुवांनी पाण्याची नळी खाली केली.

"मला तिथे बरं वाटतं! पोराला शाळेतून आणायला मी जाते! तो माझं बोट धरतो! तुझ्याकडे मला दिवस खायला उठायचा! तीन वर्षं तुला सांगायची हिंमत झाली नाही! तुला वाटलं असतं मी तुला टाकलं!"

"टाकलंसच!" मीही ओरडले. मला माझा आवाज नीट कळत नाही, पण माळीबुवांच्या चेहऱ्यावरून बराच मोठा असावा.

"नाही टाकलं!"

"मग 'बघू' काय म्हणत होतीस?"

"भित्री आहे म्हणून!"

ताई, तुझ्या आयुष्यात तू हे वाक्य पहिल्यांदाच बोललीस आणि तेही अख्ख्या बागेला ऐकवून. शाळेतल्या पोरांनी ऐकायला हवं होतं. तू मटकन खाली बसलीस. तुला दम लागला होता. तू पंप ओढलास, मी तुझ्या पाठीवर हात ठेवला. मधे एवढा कुत्रा असून हात पोचला. तू विचारलंस, "राग आला?" हे तू मुद्दाम माझ्याकडे वळून, सावकाश म्हणालीस.

आला. तिथे "नाही" म्हणाले, ते खोटं. राग आला, आणि खूप बरं वाटलं. दोन्ही एकदम आलं. फुटलेल्या गळूसारखं सगळं मोकळं वाहून गेलं. तीन वर्षांनी कोणीतरी माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं, आणि ते मला हवं तसं नसलं तरी उत्तर होतं.

मग तू शिंकलीस. लागोपाठ. डोळ्यांतून पाणी. ते सगळंच काही कुत्र्यामुळे नव्हतं, असं मला वाटतं. निघताना तू माझ्या तळहातावर बोट ठेवून, फळ्यावर लिहावं तसं एकेक शब्द म्हणालीस, "तुझ्यामागे कुत्रा माझा मुलगा नेईल. दमा मला आहे, त्याला नाही."

मी म्हटलं, "त्याला विचारलंस का?"

तू म्हणालीस, "विचारायचं काय त्यात? सांगितलंय."

त्यावर मी इतकी हसले की ठोंब्या भुंकला. भूक नसताना. पहिल्यांदा. तू दचकलीस, आणि मला ते भुंकणं ऐकू आलं, ताई. अगदी पुसट, पाण्याखालून आल्यासारखं, पण आलं.

तुझी पुस्तकं मी खोक्यांत भरते आहे. तुझ्या मुलाला गाडी घेऊन पाठव. केस झटकून देईन, पण एखादा राहिला तर माझ्या नावाने शंख करू नकोस. पलंग ठेवते, तो चांगला आहे, माझ्या पाठीला बरा पडतो. दुपारी आम्ही दोघंही तिथेच झोपतो.

दर महिन्याला बागेत यायचं तू कबूल केलं आहेस. पुढच्या वेळी नातवालाही आण. त्याला माझ्याशी कसं बोलायचं ते मी शिकवीन: समोर उभं राहायचं, तोंड माझ्याकडे करायचं आणि मनात असेल ते सगळं ओरडून सांगायचं. लोक बघतात तर बघू देत.

तुझी धाकटी